दीपगृहं आणि बोये जागेवर ठेवणारी जहाजं

दर्यावर्दी :

विनाशिका, पाणबुड्या, विमानवाहू नौका यांच्यावर इथे भरपूर लिहून झालंय. एका जातीच्या जहाजांवर मात्र एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय. दीपगृहांना सामान पोचवणारी, समुद्रात बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, टाकणारी, ते उचलून खरवडणारी, त्यांच्या साखळ्या बदलणारी ही जहाजं. दर्यावरचे लोक त्यांना टेंडर म्हणतात. काही देशांत ती नौदलाचीच असतात, पण नौदलाच्या संचलनात त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण किनाऱ्याजवळून जाणारं प्रत्येक जहाज त्यांच्या कामाच्या भरवशावर चाललेलं असतं.

सागरी नकाशावर प्रत्येक बोयाची जागा, रंग, आकार, माथ्यावरचं चिन्ह आणि दिव्याची लय छापलेली असते. रात्री अनोळखी बंदरात शिरताना ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातला, अधिकारी अंधारातला एक लुकलुकता दिवा हेरतो, त्याच्या उघडझापीतले सेकंद मोजतो आणि नकाशाशी ताडून बघतो. जुळलं की त्या दिव्याच्या जोरावर हजारो टनांचं जहाज वळवलं जातं. आता समजा, वादळात तो बोया दोनशे मीटर सरकलाय, पण दिवा ठणठणीत चालू आहे. असा बोया विझलेल्या बोयापेक्षा घातक. दिवा दिसलाच नाही तर माणूस निदान सावध होतो. सरकलेला दिवा त्याला बिनधास्त खडकावर नेतो.

त्यामुळे नकाशावर जे छापलंय ते पाण्यावर खरं ठेवणं, हे या जहाजांचं काम. याला मोजमापही आहे. दीपगृहं आणि सागरी खुणांसाठी इयाला ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून आहे. तिच्या निकषांनुसार पहिल्या वर्गातल्या, म्हणजे अत्यावश्यक खुणांची उपलब्धता ९९.८ टक्के हवी आणि हिशोब तीन वर्षांचा धरायचा. आकडा कोरडा वाटतो, पण गणित करून बघा. तीन वर्षांत मिळून ती खूण जेमतेम दोन दिवस बंद राहिलेली चालते. दुसऱ्या वर्गाला ९९ टक्के, म्हणजे तीन वर्षांत अकरा दिवस. तिसऱ्याला ९७. बोया वादळात तुटला असेल तर वादळ ओसरायच्या आत जहाज निघायच्या तयारीत असावं लागतं, ते यामुळे.

या जहाजांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. बोया टाकलेला असतो कारण तिथे उथळ पाणी आहे, खडक आहे, बुडालेलं जहाज आहे. बाकीच्यांनी तिथून लांब राहावं म्हणून तो असतो. टेंडरला मात्र तिथेच जाऊन, जवळजवळ थांबून, प्रवाहात आणि वाऱ्यात तासभर एका जागी टिकून काम करावं लागतं.

जहाजाची बांधणीही त्यानुसार. पाण्यात फार खोल न बसणारं, कामाचा डेक पाण्यापासून कमी उंचीवर, शेजारी दणकट क्रेन, आणि ब्रिज असा की डेकवरचा प्रत्येक माणूस वरून दिसावा. अमेरिकेत तटरक्षक दलाची गस्ती जहाजं पांढरी आणि बर्फफोडी लाल असतात, पण बोयावाली काळी. गंजका, शेवाळलेला बोया दिवसभर कडेला घासत असतो, तिथे पांढरा रंग किती टिकणार?

ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

जलरंग :

फार आवडलं. असं काही वेगळं खातं असतं हेच माहीत नव्हतं. एक शंका : हे काम नौदलाकडे कसं? बंदर खात्याचं वाटतं.

दर्यावर्दी :

जलरंग, प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. इटलीत शंभराहून अधिक वर्षं दीपगृहं नौदलाकडे आहेत आणि त्यांच्यासाठी नौदलाची खास जहाजं आहेत : पाँझा, लेव्हान्झो, ताव्होलारा वगैरे, सगळी बेटांच्या नावांची. पोर्तुगाल, ब्राझील, चिली इथेही नौदलच. अमेरिकेत १९३९ पर्यंत स्वतंत्र दीपगृह सेवा होती, ती त्या वर्षी तटरक्षक दलात विलीन झाली. इंग्लंडमध्ये ट्रिनिटी हाऊस ही १५१४ च्या राजसनदेने स्थापन झालेली संस्था, स्कॉटलंडमध्ये १७८६ पासूनचं नॉर्दर्न लाइटहाऊस बोर्ड. भारतात नागरी खातं आहे, दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालय.

नौदलाकडे असण्यामागे कारणं आहेत. समुद्राची खोली मोजून नकाशे करणारं खातं अनेक ठिकाणी नौदलातच असतं, मग खुणाही त्याच छपराखाली आल्या. आणि युद्धात दिवे कुठले ठेवायचे, कुठले मालवायचे हा थेट लष्करी प्रश्न होतो. तुमच्या जहाजाला वाट दाखवणारा दिवा शत्रूलाही तीच वाट दाखवतो.

इतिहासवेडा :

युद्धाचा विषय निघालाच आहे तर नॉर्मंडी राहून चालणार नाही. जून १९४४ मध्ये दोस्तांचं आरमार इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवायला गेलं तेव्हा सुरुंग काढून साफ केलेल्या पाण्यावर खुणा कुणी टाकल्या? ट्रिनिटी हाऊसच्या जहाजांनी. दिव्यांचे ७३ बोये आणि दोन दीपनौका, म्हणजे दिवा घेऊन एका जागी नांगरलेली जहाजं. त्यातलं अलर्ट हे जहाज त्याच महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यापाशी सुरुंगावर जाऊन बुडालं. त्याआधी नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांचंच आर्गस सुरुंगाने उडालं होतं, त्यातली जवळजवळ सगळी माणसं गेली. नॉर्मंडीत उतरण्याच्या दिवसाच्या चित्रांत रणगाडे आणि उतरणारे सैनिक दिसतात. ती जहाजं वाट न चुकता तिथवर पोचली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

लंगरसाखळी :

धागा बघून राहवलं नाही. बोयाच्या डेकवर मी काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष काम कसं चालतं ते लिहितो.

पाण्यावर दिसतो तो बोया म्हणजे निम्मी गोष्ट. त्याच्या खाली साखळी आणि साखळीच्या टोकाला तळावर बसलेला सिंकर, म्हणजे काँक्रीटचा किंवा ओतीव लोखंडाचा काही टनांचा ठोकळा. मध्ये शॅकल, म्हणजे जोडकड्या, आणि फिरती कडी म्हणजे स्विव्हल. बोया गोल फिरला तरी साखळीला पीळ पडू नये म्हणून स्विव्हल.

साखळी साधारणपणे खोलीच्या तिप्पट ठेवतात. आखूड ठेवली तर लाटेबरोबर बोया उचलला गेला की थेट सिंकरला हिसका बसतो, आणि असे हजारो हिसके बसले की सिंकर तळावरून हळूहळू चालू लागतो. फार लांब ठेवली तर बोया मोठ्या घेरात भटकतो, मग नकाशावरच्या ठिपक्याला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा : खोली, भरती-ओहोटीतला फरक, प्रवाह, तळ चिखलाचा की खडकाचा.

साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात जास्त झिजते ती तळाला टेकते-उठते त्या पट्ट्यात. लाट आली की तेवढ्या कड्या उचलल्या जातात, लाट गेली की वाळूत आपटतात. रात्रंदिवस हेच. वरच्या कड्या जाडजूड आणि या पट्ट्यातल्या बोटाएवढ्या बारीक झालेल्या मी हाताळल्या आहेत. म्हणून साखळी वर आली की प्रत्येक संशयास्पद कडीला जाडी मोजायचा कॅलिपर लावतात. ठरलेल्या जाडीखाली गेली की तो तुकडा कापून नवा जोडायचा. तिथे आणखी एक हंगाम चालेल म्हणणारा माणूस डेकवर नको.

काम असं चालतं. जहाज प्रवाहाला तोंड देऊन हळूहळू बोयाच्या जवळ जातं. बोया उसळत असतो, जहाजही डोलत असतं, आणि या दोन्ही हालचालींचा मेळ बसेल त्या क्षणी हुक अडकवायचा. क्रेनने बोया आत आला की पहिलं काम त्याला डेकवर जखडणं. काही टनांचं लोखंड डोलत्या डेकवर मोकळं राहिलं तर कुणाचाही पाय, कुणाचीही बरगडी जाऊ शकते. मग खरवडणं. शिंपले, शेवाळ, कालवं यांचा थर इतका असतो की त्या वजनाने बोया पाण्यात खाली बसतो, दिवा कमी उंचीवर येतो आणि कमी अंतरावरून दिसतो. मग दिवा, बॅटऱ्या, सौर पॅनल तपासणे, रंग, पत्र्याची दुरुस्ती.

परत टाकताना सिंकर जहाजाच्या कडेला लटकत ठेवतात आणि साखळी स्टॉपरमध्ये अडकवलेली असते. ब्रिजवरून जागा आल्याचा इशारा झाला की एक जण हातोड्याने स्टॉपर सोडवतो. सिंकर जातो आणि पाठोपाठ साखळी धडाडत जाते. त्या काही सेकंदांत साखळीच्या वेटोळ्यात कुणाचा पाय असला तर त्याला वाचवायला वेळच नसतो. नवीन पोराला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी शिकवतात ते हेच, कुठे उभं राहायचं नाही.

जागा कशी ठरवायची, तर आता उपग्रहांवरून आणि डायनॅमिक पोझिशनिंगने. संगणक जहाजाचे पंखे फिरवून त्याला एका बिंदूवर धरून ठेवतो. जुने लोक सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायची उपकरणं, आडवी धरून काम करत. किनाऱ्यावरच्या तीन ठळक खुणा घ्यायच्या, दोन माणसांनी एकाच क्षणी त्यांच्यामधले दोन कोन मोजायचे, तिसऱ्याने ते तीन भुजांच्या कोनमापकावर लावून नकाशावर बिंदू काढायचा. किनारा धुक्यात असेल तर काम बंद.

भरती_ओहोटी :

लंगरसाखळी, तुमचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. तुम्ही यावर सविस्तर लेख लिहाच.

निरभ्र :

माहिती उत्तम, पण एक स्पष्ट प्रश्न विचारतो. आज प्रत्येक जहाजावर जीपीएस आहे, इलेक्ट्रॉनिक नकाशे आहेत. एआयएसवरून, म्हणजे जहाजांची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्रणेवरून, आभासी बोया दाखवता येतो, तो पडद्यावर दिसतो, त्याला ना साखळी ना शेवाळ. मग माणसांचे जीव धोक्यात घालून लोखंडाचे डबे का सांभाळायचे? दीपगृहांतली माणसं आपण काढलीच ना?

दर्यावर्दी :

निरभ्र, प्रश्न रास्त आहे आणि दीपगृहवाल्या संस्थाही तो स्वतःला विचारतात. आभासी खूण कामाची आहे. जिथे बोया टिकूच शकत नाही, किंवा अपघातानंतर पहिल्या तासाभरात, तिला तोड नाही. पण जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात काय झालं ते आठवा. नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या अनेक जहाजांचे जीपीएस त्यांना गेलेंजिक विमानतळावर दाखवत होते. जहाजं समुद्रात, पडदा म्हणतो तुम्ही विमानतळावर. अशा वेळी कप्तान काय करतो? खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर बघितल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे.

आभासी बोया आणि जहाजाची स्वतःची जागा, दोन्ही एकाच उपग्रह-यंत्रणेवर अवलंबून असतात. एक चुकलं की दोन्ही एकदम चुकतात. लोखंडी बोया त्या यंत्रणेबाहेरचा साक्षीदार आहे. त्याचं सगळं मोल त्या वेगळेपणात आहे, माझ्या मते.

अलीकडचं आणखी एक : २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल जहाजाच्या धडकेने कोसळला. बंदराचं तोंडच बंद. १ एप्रिलला बाजूने ११ फूट खोलीची तात्पुरती वाट उघडली, ती दिव्यांच्या खुणांनी आखून. बार्ज आणि टगना पोलादाच्या ढिगाऱ्याशेजारून जायचं होतं. पडद्यावरची रेघ असताना पाण्यावरची रेघही आखावीच लागली.

निरभ्र :

एकाच उपग्रह-यंत्रणेवर दोन्ही अवलंबून, हा मुद्दा पटला. पण बोया असूनही जहाजं आदळतातच की. इंग्लिश खाडीतली १९७१ ची घटना मी वाचली आहे.

इतिहासवेडा :

ती घटना सगळ्यांसाठी सांगतो, कारण आजचे बोये आज दिसतात तसे का आहेत याचं उत्तर तिथे आहे. ११ जानेवारी १९७१ ला डोव्हरच्या सामुद्रधुनीत टेक्साको कॅरिबियन हे तेलवाहू जहाज पाराकासशी धडकून फुटलं आणि बुडालं. दुसऱ्याच दिवशी ब्रांडेनबुर्ग त्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग तिथे दीपनौका आणि बोये लावले. तरीही २७ फेब्रुवारीला निकी त्या खुणांमधूनच आत गेलं आणि त्याच्यावरचं कुणीही वाचलं नाही. तिन्ही मिळून ५१ माणसं.

खुणा होत्या. पण त्या काळी जगात तीसहून अधिक वेगवेगळ्या बोया-पद्धती चालू होत्या. एका देशात लाल म्हणजे जे, ते शेजारच्या देशात हिरवं. इयालाने त्यानंतर जोर लावून १९८० मध्ये सगळ्यांना दोन विभागांत आणलं. विभाग अ मध्ये बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला, विभाग ब मध्ये, म्हणजे मुख्यतः दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये, लाल उजव्या हाताला. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. कागदावर करार झाला, पण पाण्यातला एकेक बोया उचलून नव्या रंगात रंगवून परत टाकायचं काम या टेंडरांनीच केलं. त्याला काही वर्षं लागली.

पाऊलवाट :

मला दीपगृहांच्या बाजूने लिहायचंय. सामान पोचवणं म्हणजे धक्क्याला लागून पेट्या उतरवणं नव्हे. समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहाला धक्का नसतोच. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या टोकाला आर-मेन आहे, १८६७ ते १८८१ असं बांधत होते, कारण खडक पाण्याबाहेर येई तेवढ्याच वेळात काम व्हायचं. तिथे माणसाची पाळी बदलायची तर दोरावर लटकवून होडीतून बुरुजावर आणि बुरुजावरून होडीत. हवा बिघडली की पाळी संपलेला माणूस आठवडेच्या आठवडे आत. ब्रिटनमध्ये वुल्फ रॉकच्या माथ्यावर १९७३ मध्ये हेलिकॉप्टर उतरायची जागा बांधली, तेव्हा कुठे ही दोरावरची कसरत सुटायला लागली.

चिलीतलं इव्हान्हेलिस्तास, मॅजेलन सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी, १८९६ चं. त्याच्या जवळच्या आडोशाच्या जागेचं नाव चाळीस दिवस असं आहे. सामान घेऊन आलेल्या नौदलाच्या जहाजाला दीपगृहापाशी जायची संधी मिळेपर्यंत तिथे चाळीस दिवस थांबावं लागलं होतं.

त्याच नौदलाची येल्चो ही नौका बहुतेकांनी वेगळ्या संदर्भात ऐकली असेल. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचे २२ साथीदार तिथल्या एलिफंट बेटावर अडकले होते, तीन प्रयत्न बर्फाने हाणून पाडले. चौथ्या वेळी, ३० ऑगस्ट १९१६ ला, लुईस पार्दोने त्यांना सोडवलं ते येल्चोवरून. ती शोधमोहिमेची नौका नव्हती. दक्षिणेकडच्या दीपगृहांना रसद पोचवणं, बोये बघणं अशा कामांसाठी ठेवलेली, रेडिओ नसलेली छोटी वाफेची बोट. वाईट पाण्यात खडकाजवळ जाऊन माणसं उचलायची सवय तिच्या लोकांना होतीच.

जलरंग :

येल्चोचं हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

इतिहासवेडा :

पाऊलवाट, फ्लॅननचाही उल्लेख करायला हवा. डिसेंबर १९०० मध्ये स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातले तिन्ही रखवालदार नाहीसे झाले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गूढ म्हणून ती हजार वेळा सांगितली गेली. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. हेस्पेरस हे टेंडर खराब हवेमुळे उशिरा, २६ तारखेला पोचलं. जोसेफ मूर हा बदली रखवालदार आत गेला आणि रिकामी दीपगृहाची इमारत बघून परत आला. कप्तान हार्वीने काय केलं? मूरबरोबर आपल्या जहाजावरचा बोयामास्टर (बोयांच्या कामाचा प्रमुख) आणि दोन खलाशी बेटावर ठेवले आणि दिवा चालू ठेवायला सांगितलं. तीन माणसं नुकतीच जिथून गायब झाली त्या जागी हे चौघं राहिले आणि दिवा लागला.

लंगरसाखळी :

या जहाजांवर गेलेल्या माणसांबद्दलही लिहिलं पाहिजे. २८ जानेवारी १९८० च्या रात्री अमेरिकेचं ब्लॅकथॉर्न हे बोयावाहू जहाज मोठ्या दुरुस्तीनंतर टँपाच्या आखातातून बाहेर पडत होतं. समोरून येणाऱ्या कॅप्रिकॉर्न या तेलवाहू जहाजाशी धडक झाली. कॅप्रिकॉर्नचा नांगर ब्लॅकथॉर्नच्या कुशीत रुतला, साखळी ताणली गेली आणि जहाज उलटलं. २३ जण गेले. विल्यम फ्लोरेस हा तरुण खलाशी शेवटपर्यंत पाण्यातल्यांना लाइफ जॅकेट टाकत राहिला. जॅकेटांच्या पेटीचं झाकण उघडं राहावं म्हणून त्याने स्वतःच्या पट्ट्याने ते बांधलं. तो परतला नाही. त्याआधी डिसेंबर १९६८ मध्ये व्हाइट आल्डर मिसिसिपी नदीत मालवाहू जहाजाशी धडकून बुडालं, २० पैकी १७ गेले. आणि १९८९ च्या डिसेंबरात मेस्क्वीट हे जहाज लेक सुपिरियरमध्ये हिवाळ्याआधी बोया उचलतानाच खडकावर चढलं. माणसं वाचली, जहाज गेलं. दर्यावर्दींनी वर लिहिलंय ना, बाकीच्यांनी जिथे जाऊ नये तिथे जावं लागतं.

भरती_ओहोटी :

खर्च कोण करतं?

दर्यावर्दी :

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बंदराला येणाऱ्या व्यापारी जहाजांकडून लाइट ड्यूज, म्हणजे दिव्यांचं शुल्क, घेतात आणि ते एका वेगळ्या निधीत जातात. अमेरिकेत सरकारी तिजोरीतून. जिथे नौदल आहे तिथे नौदलाच्या अंदाजपत्रकातून, आणि तिथे अडचण अशी की युद्धनौकेच्या मागणीपुढे टेंडरची मागणी मागे पडते. बदली जहाज वेळेवर मिळत नाही, जुनीच ओढत राहतात. अमेरिकेने १९४२ ते १९४४ मध्ये १८० फुटी जातीची ३९ जहाजं बांधली, त्यातली काही साठ वर्षांच्या आसपास चालली. बांधणी उत्तम होती यात वाद नाही, पण साठ वर्षं जुन्या क्रेनखाली माणसांनी उभं राहावं हे मला पटत नाही.

निरभ्र :

शेवटची शंका. जहाज आत्ता बुडालं, नकाशात अजून नाही, तर काय करतात?

लंगरसाखळी :

त्यासाठी वेगळा बोया आहे. निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा, दिवाही आळीपाळीने निळा आणि पिवळा. कारण डिसेंबर २००२ ची ट्रायकलर. जवळपास तीन हजार मोटारी घेऊन हे जहाज इंग्लिश खाडीत कारिबाशी धडकून बुडालं, दोन दिवसांत निकोला त्याच्यावर आदळलं आणि १ जानेवारीला व्हिकी. १९७१ सारखंच, सुदैवाने या वेळी जीव गेले नाहीत. त्यानंतर इयालाने २००६ मध्ये हा बोया आणला. इतर कुठल्याच खुणेत निळा-पिवळा नाही, त्यामुळे ओळखायला नकाशा लागत नाही. ट्रिनिटी हाऊसने त्याच वर्षी अलर्ट नावाचं छोटं, वेगवान जहाज घेतलं, अशा वेळी धावून जायला. नाव नॉर्मंडीला बुडालेल्या जहाजाचंच आहे.